विज्ञानकथेतले भविष्य नेमके कुठे चुकते? एका दूरसंचार अभियंत्याचे उत्तर

आपला प्रश्न मी दोनदा सावकाश वाचला. लहानपणापासून वाचलेल्या विज्ञानकथांतल्या उडत्या मोटारी आल्या नाहीत, चंद्रावर वस्ती झाली नाही, घरकाम करणारा यंत्रमानव दारात उभा राहिला नाही. आणि ज्याने सगळ्यांचे जगणे बदलले तो खिशातला फोन मात्र कोणाला धड दिसला नाही, असे आपण लिहिता. आपण २०७५ सालच्या पुण्यावर पहिलीच कथा लिहीत आहात. तिच्या पहिल्या प्रसंगात नायकाची उडती मोटार लक्ष्मी रस्त्यावर उतरते आणि तो साताऱ्याला राहणाऱ्या आईशी हवेत उमटणाऱ्या त्रिमित प्रतिमेतून बोलतो. हेही पुढे तसेच खोटे ठरेल अशी धास्ती आपल्याला वाटते, म्हणून विज्ञानकथांची भाकिते प्रत्यक्षात कितपत उतरली आणि काय खरे होईल हे ओळखण्याची काही रीत आहे का, असे आपण विचारले आहे.

मी पुणे शहरात आणि जिल्ह्यात चौतीस वर्षे दूरसंचार अभियंता म्हणून काम केले आणि त्यातली पंचवीसेक वर्षे दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथाही लिहिल्या. त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंशी माझा थोडाफार संबंध आला आहे. माझ्या मते किती भाकिते खरी ठरली आणि किती खोटी, याची मोजदाद करून हाती फारसे काही लागत नाही. हजारो कथा लिहिल्या गेल्या असतील तर त्यांतल्या काही नेमावर बसणारच. विचारण्याजोगा प्रश्न असा की लेखकाने रंगवलेल्या चित्रातला कोणता भाग चुकतो, आणि तो दर वेळी तोच असतो का. माझे उत्तर असे आहे की बहुतेक वेळा तोच असतो. लेखकाला यंत्र दिसते; त्या यंत्राला लागणारी ऊर्जा, त्याची किंमत, त्याच्या मागची तार, ती तार जोडणारा माणूस आणि ते यंत्र हाती आल्यावर सामान्य माणूस त्याचे काय करील, हे दिसत नाही.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही आधी सांगतो. दहा वर्षांपुढचे लिहिणे आणि शंभर वर्षांपुढचे लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अवकाशप्रवास, संगणक आणि वैद्यक यांच्या वाढीचा वेग एकसारखा नसतो, म्हणून एका क्षेत्रातला अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय कल्पित आणि वास्तव यांची तुलना स्वच्छपणे करताही येत नाही, कारण कथा वाचणारी माणसेच पुढे ते वास्तव घडवतात. एच. जी. वेल्स यांनी १९१४ सालच्या कादंबरीत अणुबाँब हा शब्द आणि त्यामागची कल्पना मांडली. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ती १९३२ साली वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणुबाँबचा पाया असलेल्या अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. वेल्सचे भाकीत खरे ठरले म्हणायचे, की त्या कादंबरीचाही ते खरे करण्यात हात होता म्हणायचे, याचा निवाडा मला करता येत नाही.

तरीही कुठे काय निसटते हे काही उदाहरणांतून स्पष्ट दिसते. ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कादंबरी १८६५ सालची आहे. तिच्यात तीन प्रवासी आहेत, उड्डाण फ्लोरिडातून होते, आणि पुढच्या भागात ते परतताना प्रशांत महासागरात पडतात. १९६९ साली अपोलो ११ मध्ये तिघेच होते, उड्डाण फ्लोरिडातूनच झाले आणि यान प्रशांत महासागरातच उतरले. हे साम्य सांगून बहुतेक लेख तिथेच थांबतात. मात्र व्हर्न यांचे यान तोफेतून डागलेले आहे. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर, आणि बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या जवळपास. शाळेतल्या गतीच्या समीकरणात हे आकडे घातले तर नळीतल्या प्रवासात माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२,००० पट जोर येतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे वजन १,३०० टनांच्या पुढे जाते. प्रवासी नळीच्या तोंडापर्यंतही जिवंत पोहोचणार नाहीत.

मला मात्र या चुकीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. व्हर्न यांच्या कादंबरीत या मोहिमेचा खर्च जगभरातून वर्गणी गोळा करून भागवला जातो आणि तोफांची हौस असलेले एक मंडळ सगळा कारभार पाहते. प्रत्यक्ष अपोलो मोहिमेला सुमारे २,५०० कोटी डॉलर लागले, चार लाखांच्या आसपास माणसे तिच्यावर राबली, आणि तो पैसा निघाला कारण दोन महासत्तांमध्ये चढाओढ होती. १९७२ साली शेवटचा माणूस चंद्रावरून परतला. त्यानंतर कित्येक दशके तिथे कोणी पाऊल ठेवले नाही. तंत्र कोणी विसरले नव्हते, पण चढाओढीचा जोर ओसरला तसा पैसाही आटला. चंद्रावर वस्ती का झाली नाही, या आपल्या प्रश्नाचे मुख्य उत्तर या हिशेबात आहे, अग्निबाणाच्या विज्ञानात ते सापडणार नाही.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातले उदाहरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये एका तांत्रिक मासिकात लेख लिहून असे मांडले की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तीन केंद्रे ठेवली तर ती पृथ्वीबरोबर फिरत राहतील, जमिनीवरून स्थिर दिसतील आणि त्यांच्यामार्फत जवळजवळ सगळ्या जगात संदेश पाठवता येतील. १९६४ साली असा स्थिर उपग्रह खरोखर वर गेला आणि टोकियो ऑलिंपिकची दृश्ये त्याच्यामार्फत समुद्रापार पोहोचली. विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाने केलेले इतके अचूक भाकीत दुसरे मला आठवत नाही. पण क्लार्क यांच्या केंद्रात माणसे राहणार होती, कारण १९४५ साली इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या होत्या, त्या सारख्या जळत आणि बदलाव्या लागत. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि त्या माणसांची गरजच संपली. कक्षा बरोबर निघाली आणि तिथे राहणारा दुरुस्तीवाला खोटा निघाला.

गोष्ट इथे संपली नाही. नारायणगावच्या बाजूला आर्वी येथे सत्तरच्या दशकात उपग्रह दळणवळणाचे मोठे भूकेंद्र उभे राहिले, आणि परदेशी बोलण्यासाठी उपग्रह हाच भविष्यकाळ असे आम्ही तरुण अभियंते मानत होतो. ज्यांनी त्या काळात अमेरिकेतल्या मुलाशी फोनवर बोलून पाहिले आहे त्यांना आठवत असेल की दोघेही एकदम बोलू लागत, मग दोघेही एकदम थांबत, आणि पुन्हा एकदम सुरुवात करत. याचे कारण साधे होते. आवाज ३६,००० किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली येई, त्याला पाव सेकंद लागे. उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. ते अर्धे सेकंद कोणत्याही सुधारणेने कमी होणार नव्हते, कारण प्रकाशाच्या वेगापुढे कोणाचे काही चालत नाही. १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली प्रकाशतंतू केबल पडली आणि काही वर्षांतच समुद्रापारचे बहुतेक सगळे संभाषण केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूंतून जाऊ लागले. आज आपण ज्याला वायरलेस युग म्हणतो त्याचा बहुतांश भार समुद्रतळाशी आणि रस्त्याखाली पडलेल्या केबली वाहत आहेत. अवकाशातल्या केंद्रांवर पुष्कळ कथा आल्या, पण केबलवर कोणी कथा लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही, कारण केबल डोळ्यांत भरत नाही.

मला ती केबल दिसते, कारण मी तिच्याजवळ उभा राहिलो आहे. सदाशिव पेठेत एका जुलै महिन्यात रात्री खड्ड्यात दोनशे जोड्यांची केबल उघडी पडली होती. वर ताडपत्री, आत गॅसबत्ती, आणि गुडघाभर पाण्यात पाट टाकून बसलेला आमचा जॉइंटर. तारांवरच्या कागदी वेष्टनात पाणी शिरले होते, त्यामुळे एका घरातले बोलणे दुसऱ्या घरात ऐकू येत होते. तो एकेक जोडी हातात घेई, टेस्ट फोन लावून एक्स्चेंजला नंबर विचारी, तारा पीळ देऊन जोडून टाकी आणि पुढची जोडी घेई. पहाटे पाचपर्यंत हे चालले होते. सकाळी त्या वाड्यांत लोकांनी रिसीव्हर उचलला तेव्हा डायल टोन आला, आणि रात्री काय झाले हे कोणाला कळायचेही कारण नव्हते. भविष्यकाळ लिहिताना मला तो जॉइंटर आठवतो, कारण कोणतेही यंत्र समाजात रुजते ते असा माणूस आणि त्याचा पगार यांच्या आधारावर.

हे मला पहिल्यापासून कळत होते असे नाही. १९९१ साली मी एका दिवाळी अंकासाठी २०१५ सालच्या पुण्यावर कथा लिहिली. तिच्यात प्रत्येक चौकात ‘चित्रसंवाद केंद्र’ होते आणि एक आई टोकन घेऊन, रांगेत बसून, अमेरिकेतल्या मुलाचे तोंड पाहायची वाट बघत होती. तेव्हा पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली उघडत होते, रात्री दर उतरले की त्यांच्यापुढे गर्दी होई, आणि मी तेच बूथ मोठे करून पुढच्या शतकात नेऊन ठेवले. २०१५ साल आले तेव्हा चित्र आले होते, आई होती, अमेरिकेतला मुलगाही होता. फक्त बूथ, टोकन आणि रांग नाहीशी झाली होती. दूरचे बोलणे महाग आहे म्हणून ते वाटून घ्यावे लागते, हे मी निसर्गनियमासारखे गृहीत धरले होते, आणि नेमके तेच बदलले.

किमतीचा हाच प्रश्न चित्रफोनच्या इतिहासातही दिसतो. अमेरिकेत १९६४ सालच्या जागतिक प्रदर्शनात असा फोन लोकांना वापरायला दिला होता आणि १९७० साली पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरूही झाली. महिन्याचे भाडे १६० डॉलर होते. यंत्र उत्तम चालत होते, तरी काही वर्षांत सेवा गुंडाळावी लागली. एका चित्रसंभाषणाला साध्या आवाजाच्या शेकडो पट वाहकक्षमता लागत होती, आणि ज्याच्याकडे तसाच फोन नाही त्याच्याशी चित्रासह बोलता येत नव्हते. तीच सोय पुढे फोनमध्ये जवळजवळ फुकट आली, तेव्हा कोथरूडमधल्या आजीला ती वापरायला कोणी शिकवावे लागले नाही. सेवा बुडाल्यावर लोकांना समोरच्याचा चेहरा पाहायचाच नसतो असे निदान पुष्कळांनी केले होते. माझ्या मते ते निदान चुकीचे होते.

आणि माणसे यंत्राचे काय करतील याचे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे मिस्ड कॉल. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. सुरुवातीच्या वर्षांत केलेल्या कॉलला पैसे पडत आणि आलेल्या कॉललाही पडत. पुढे दर उतरत गेले, तसे आमच्या नोंदींत उत्तर न दिलेल्या कॉलचे प्रमाण वाढू लागले आणि आम्ही कित्येक दिवस तो बिघाड समजून शोधत राहिलो. बिघाड नव्हताच. कॉलेजातून निघालेली मुलगी घरी एक मिस्ड कॉल देई, म्हणजे आई भाजी फोडणीला टाकी. दोन दिले तर बस चुकली असे समजायचे. रिक्षावाला खाली आल्याची खूण, दूधवाल्याला ‘उद्या नको’ असा निरोप, सगळे एका न उचललेल्या घंटीत. एक पैसा खर्च न करता लोकांनी एक भाषा तयार केली आणि ती सगळ्या देशाला समजू लागली. मोबाइल फोनची कल्पना अनेकांनी केली होती, पण तो न उचलण्यासाठी वापरला जाईल ही कल्पना मी कोणत्याही कथेत वाचलेली नाही.

थोडक्यात, आतापर्यंत तीन गोष्टी आपल्यापुढे आल्या: पैसा कोण देतो, यंत्राच्या मागची व्यवस्था कोण चालवतो, आणि वापरणारा त्याला कुठे वळवतो. चौथी गोष्ट ऊर्जेची, आणि आपल्या उडत्या मोटारीचा प्रश्न तिथे येतो.

मी साधा हिशेब करून पाहिला. हजार किलोचे वाहन, त्याला अडीच मीटर व्यासाचे चार पंखे. ते हवेत नुसते स्थिर ठेवायला, काहीही वाया जात नाही असे धरले तरी, पुण्याच्या उंचीवर १४० ते १५० किलोवॉट शक्ती लागते. तितक्याच वजनाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगाने न्यायला पाच-सहा किलोवॉट पुरतात. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे अडीचशेच्या आसपास. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते, तरी हे अंतर भरून निघत नाही. आणि हे वाहन तरंगताना खाली जो झोत सोडील त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाईल. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता, दुकानांच्या कापडी छपरांवर आणि तुळशीबागेतल्या टोपल्यांवर हा झोत काय करील याचा आपण विचार करावा. उडती मोटार तयार होत नाही असे मी म्हणत नाही, तशी वाहने आज चाचण्यांत उडत आहेत. पण ती कोणाला परवडेल आणि कुठे उतरेल हे या आकड्यांवरून ठरते, इच्छेवरून ठरत नाही.

विमानांचेही तसेच झाले. जंबो जेट आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे काँकॉर्ड, दोन्ही १९६९ साली पहिल्यांदा उडाली. काँकॉर्ड २००३ साली निवृत्त झाले आणि आपण आजही जवळजवळ १९६९ च्या जंबोच्याच वेगाने प्रवास करतो. साठ सालच्या लेखकाने आपल्या आजोबांची बैलगाडी आणि स्वतःचे जेट यांच्यामधून सरळ रेषा काढली आणि ती पुढे नेली. त्याची चूक समजण्यासारखी आहे, पण ऊर्जेच्या बाबतीत अशा रेषा फार लवकर आडव्या होतात.

माहितीच्या बाबतीत बरोबर उलटे घडले. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती अभिमानाने फुगली होती, आणि ती फुगावी असेच ते काम होते. सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिती क्रिया ही त्याची कमाल क्षमता. आज भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे आल्याचे सांगणाऱ्या फोनमधली चिप त्याच्या पुष्कळ पुढे आहे. एखाद्या कथालेखकाने १९९१ साली असे लिहिले असते तर संपादकाने ते अतिशयोक्ती म्हणून काढायला सांगितले असते. म्हणून मी नव्या लेखकांना सांगतो की ज्यात वजन हलवायचे आहे त्याबद्दल हात आखडता घ्या, आणि ज्यात फक्त माहिती हलवायची आहे त्याबद्दल मोकळ्या हाताने लिहा. हा नियम अचूक नाही, पण माझ्या उपयोगी पडला आहे.

यंत्रमानव या दोन्हींच्या मध्ये अडकला. रोबो हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आला, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी असा आहे. तेव्हापासून कथांतला यंत्रमानव चालतो, उचलतो, झाडतो, हिशेबात कधी चुकत नाही, आणि बोलतो मात्र तुटक, भावनाशून्य. प्रत्यक्षात १९९७ साली संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवले, आणि आजची यंत्रे छान ओघवती भाषा लिहितात, कविताही करतात, पण कधीकधी सोप्या बेरजेत चुकतात आणि चूक ठामपणे सांगतात. दुसरीकडे, ज्वारीचे पीठ हाताला किती ओले लागते ते ओळखून भाकरी थापणे आणि ती न मोडता तव्यावर टाकणे, हे माझ्या आईचे रोजचे काम कोणत्याही घरगुती यंत्राला आजही जमत नाही. बुद्धिबळ अवघड आणि भाकरी सोपी असे आपण समजत आलो, कारण बुद्धिबळ थोड्यांना येते आणि भाकरी घरोघरी होते. कष्टाच्या कामाला कमी लेखण्याची आपली जुनी सवय विज्ञानकथेतही उतरली आहे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला स्वतः तुलना करून पाहायची असेल तर विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्रात लिहिलेला लेख वाचावा. पन्नास वर्षांनंतर, म्हणजे २०१४ साली, जग कसे असेल ते त्यांनी मांडले होते. फोनवर समोरचा दिसेल आणि त्याच पडद्यावर कागदपत्रे, छायाचित्रे, पुस्तकातले उतारे वाचता येतील. यंत्रमानव असतील, पण ते फारसे प्रचलित नसतील आणि फार चांगलेही नसतील. मंगळावर मानवरहित याने उतरलेली असतील. हे सगळे नेमके बसले. आपले मंगळयानही २४ सप्टेंबर २०१४ रोजीच मंगळाच्या कक्षेत पोहोचले, हा योगायोग मला फार आवडतो. पण त्याच लेखात वाहने जमिनीपासून फूट-दोन फूट वर तरंगतात आणि घरातली उपकरणे किरणोत्सारी समस्थानिकांच्या बॅटऱ्यांवर चालतात. इथेही माहितीची भाकिते बसली आणि ऊर्जेची पडली. माणसांना कंटाळा हा मोठा आजार जडेल असेही त्यांना वाटले होते. आज कंटाळा यायला सवड कुठे मिळते हे आपल्या घरात कोणालाही विचारून पाहावे.

समाजाबद्दल मात्र बहुतेक लेखक यंत्रांबद्दल होते त्यापेक्षाही कमी धीट निघाले. चंद्रावर जाणाऱ्या यानातही स्वयंपाक बाईच करते, अशा कथा मी भरपूर वाचल्या आहेत. म्हणून बेगम रुकय्या सखावत हुसेन यांच्या १९०५ सालच्या कथेबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी असा देश कल्पिला जिथे पुरुष पडद्यात आणि स्त्रिया कारभारात आहेत, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि ढगांतून पाणी खेचून घेतले जाते. त्यातला सूर्य आज आपल्या गच्च्यांवर कामाला लागला आहे. पण ती कथा टिकली ती, सत्ता कोणाच्या हाती आहे हा प्रश्न त्यांनी यंत्राच्या आधी विचारला म्हणून.

दुसरी अशी कथा ई. एम. फॉर्स्टर यांची, १९०९ सालची. तिच्यात प्रत्येक माणूस जमिनीखाली एकेका खोलीत राहतो, सगळे काही एक प्रचंड यंत्र पुरवते, आणि माणसे एकमेकांना तबकड्यांवर पाहून बोलतात. एक मुलगा आईला म्हणतो की मला तुला यंत्रातून नाही, प्रत्यक्ष पाहायचे आहे, आणि आईला ते विचित्र वाटते. तिला वेळही नाही. टाळेबंदीच्या काळात ही कथा मी पुन्हा वाचली तेव्हा मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले. पुढे यंत्रात बिघाड होऊ लागतात. दुरुस्तीची जी यंत्रणा असते तीच नादुरुस्त होते, आणि सगळे यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नसतो. ज्या काळात फोन अजून थोड्या घरांतच होता त्या काळात हे लिहिले गेले. फॉर्स्टर काही अभियंते नव्हते, पण आई, मुलगा आणि दुरुस्ती या तीन गोष्टींवर त्यांनी नजर ठेवली, म्हणून त्यांचे भविष्य अजून शिळे झालेले नाही.

मराठीत ही वाट आपल्यासाठी मोकळी आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली. त्यांच्या लेखनातून मी एक शिस्त शिकलो: विज्ञानाची एकच गोष्ट बदलायची आणि बाकी माणसे, घरे, कचेऱ्या आपल्या ओळखीच्या ठेवायच्या. ती शिस्त पहिल्या कथेला फार मदत करते.

आता आपल्या कथेकडे येतो. २०७५ चे पुणे कोऱ्या कागदावर उभे राहणार नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेल्या भूमिगत नळाचे अवशेष अजून शहराच्या पोटात आहेत, आणि आता मुठा नदीखालून मेट्रो जाते. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती तोच २०२० साली पाडावा लागला. म्हणून आपल्या कथेत एखादी जुनी गोष्ट अजून चालू ठेवा, एखादी नवी गोष्ट पाडलेली दाखवा, आणि रस्ता खणलेला असू द्या. पुण्याचा वाचक लगेच ओळखील. मोटारीला उतरवायचेच असेल तर ती लक्ष्मी रस्त्याऐवजी गावाबाहेर उतरवा, आणि तिथून पेठेत यायला नायकाला किती वेळ लागतो ते सांगा.

आईचा प्रसंग मात्र काढू नका, तो आपल्या कथेतला सर्वांत सशक्त भाग आहे. फक्त तिला नुसती प्रतिमा म्हणून उभी करू नका. साताऱ्याच्या त्या घरात ते यंत्र कोणी बसवले, त्याचे महिन्याला किती पैसे पडतात, ते बिघडले की ती कोणाला बोलावते, आणि मुलाला न सांगता ती त्याचा कोणता भलताच उपयोग करते, या चार गोष्टी आधी स्वतःसाठी लिहून काढा. चौथीचे उत्तर मिळाले की पहिला प्रसंग पुन्हा लिहायला घ्या, आणि या वेळी तो तिच्या घरातून सुरू करून पाहा.